दोन माणसं, एक जाकीट

मित्रांनो, गोळी अडवणारं म्हणून ज्याचं नाव सांगतात, ते जुनं जाकीट मी. माझ्या पोटात पुढे एक आणि मागे एक अशा दोन जाड, कठीण प्लेटा आहेत. कारखान्यात मला शिवणाऱ्या बाईने शेवटचा टाका घालून माझ्यावरून हात फिरवला होता. तिचा चेहरा मला आठवत नाही, पण तो हात आठवतो.

बुलढाण्याच्या एका सुरक्षा एजन्सीने मला विकत घेतलं. परवाना असलेले अंगरक्षक पुरवणं हा तिचा धंदा. तिथे माझी गाठ संघपालशी पडली. तो देऊळघाटचा. सैन्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. बाकीचे मला खुर्चीवर भिरकावत. तो मात्र ओल्या फडक्याने घाम पुसून मला सावलीत वाळवायचा. चार वर्षं आम्ही सोबत फिरलो. त्या चार वर्षांत माझ्यावर एकही ओरखडा आला नाही. ‘नशिबाचं जाकीट हाये हे,’ असं एजन्सीतली माणसं कौतुकाने म्हणत. मलाही ते खरं वाटू लागलं होतं.

मग एक दिवस चंद्रशेखर आले. जानेफळला त्यांची डाळ मिल. परराज्यातल्या एका शहरात त्यांनी गोदाम घेतलं होतं आणि तिथली एक टोळी ‘इकडे पाय ठेवू नका’ म्हणून फोनवर धमक्या देत होती. तरी कागदांवर सह्या करायला जाणं भागच होतं. संघपालने पिस्तुलाचा परवाना, ते दुसऱ्या राज्यात नेण्याची परवानगी, सगळं दोनदा तपासलं. मग त्याने व्यवस्थापकांकडे दोन जाकिटं मागितली.

“दुसऱ्याच्या प्लेटा मुदत सरून कवाच्याच बाद झाल्या,” व्यवस्थापक म्हणाले. “नवं मागवलं हाये. या खेपेले एकावर भागव ना.”

 संघपाल मला खांद्यावर टाकून निघाला.

गाडीत बसण्याआधी त्याने मला चंद्रशेखरांच्या अंगात चढवलं आणि पट्टे आवळले.

“अन तुमाले?” चंद्रशेखरांनी विचारलं.

“धमकी तुमाले आली, साहेब. मले नाही.” तो हसला. “एकच सांगतो. गाडीतून पह्यले मी उतरन. मी हो म्हनल्याशिवाय तुमी दार उघडू नका.”

चंद्रशेखरांनी ते अक्षरशः पाळलं. मित्रांनो, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे लोक त्यांनाच दोष देत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला संघपाल गोदामाला पूर्ण फेरी मारून आला, त्याने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघितलं आणि मगच ‘हो’ म्हणाला. चंद्रशेखर उतरले. तेवढ्यात वळणावरून दोघं बसलेली एक मोटारसायकल आली.

पहिली गोळी माझ्यावर बसली. घणाचा घाव बसावा तसा तो तडाखा होता. माझी पुढची प्लेट आतून तडकली, पण गोळी थांबली. चंद्रशेखर कोसळले. संघपाल त्यांच्यापुढे आडवा आला, त्याने पिस्तूल काढून दोन गोळ्या झाडल्या आणि मोटारसायकल पळाली. पण त्याआधी तिच्यावरच्यांची दुसरी गोळी सुटली होती. संघपालच्या अंगात साधा सुती शर्ट होता.

“लागलं काय, साहेब?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मंग गाडीत बसा. दार लावून घ्या.”

दवाखाना गाठेपर्यंत तो गेला होता.

त्यानंतर वर्षभर मी पुरावा म्हणून पोलिसांच्या कपाटात पडून होतो. वस्तू परत मिळाल्या त्या दिवशी संघपालची बायको धम्मशीला आली होती. चंद्रशेखर आणि व्यवस्थापकही होते. टेबलावर त्याचं घड्याळ, परवान्याचं पुस्तक आणि मी. तिने घड्याळाला हात लावला नाही. मला उचललं आणि छातीवरच्या भोकात बोट घातलं.

“हे कोनाच्या अंगात होतं?”

“माह्या,” चंद्रशेखर म्हणाले.

“अन त्यायच्या?”

“साधा शर्ट.”

“दोन मानसं धाडली अन जाकीट एकच?” तिने व्यवस्थापकांकडे पाहिलं. “काऊन?”

व्यवस्थापक परवान्याचं पुस्तक चाळू लागले. शेवटी तिने मला त्यांच्यापुढे ठेवलं. “हे आता फुटलं हाये. पुन्हा कोनाच्या अंगावर चढवू नका, भाऊ.”

“नाही, वहिनी. नाही चढवत,” ते म्हणाले.

महिन्याभरात माझ्यावर नवं काळं कापड शिवलं गेलं. भोक दिसेनासं झालं. तडकलेली प्लेट मात्र तीच राहिली. आता मी रंगराव नावाच्या पन्नाशीच्या अंगरक्षकाच्या वाट्याला आलो आहे. तो धाडचा आहे, आणि आज एका व्यापाऱ्याबरोबर परगावी निघाला आहे. सकाळी त्याने माझ्यावर दोनदा थाप मारून सोबत्याला सांगितलं, “मजबूत हाये बे.”

मित्रांनो, पैसे मोजून तुम्ही कधी रक्षक नेलात, तर त्याचा परवाना जरूर बघा. पण त्याच्या छातीवर काय आहे, तेही बघा. जाकीट उघडून बघा, प्लेटेवरची तारीख वाचा, कान लावून ती वाजवून बघा. तडकलेली प्लेट बद्द वाजते. मला याहून मोठा आवाज काढता येत नाही. आणि रंगराव आत्ता माझे पट्टे आवळतो आहे.