बटणांच्या डब्यातली तिसरी पिन

मित्रांनो, सुरतेत डिंडोलीच्या एका खोलीत फळीवर बटणांचा डबा आहे. त्यात पडलेली काळवंडलेली पितळी कांडी म्हणजे मी. एकेकाळी मी इस्त्रीच्या प्लगची तिसरी पिन होते. वरची, सगळ्यांत जाड. खालच्या दोघी विजेची ने-आण करायच्या. मला रोजचं काम नव्हतं. इस्त्री बिघडून तिच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती माणसाच्या अंगात न जाऊ देता जमिनीत न्यायची, एवढ्यासाठीच माझा जन्म.

कारखान्यात आमची कसून परीक्षा झाली. इस्त्रीच्या तळापासून माझ्यापर्यंत विजेची वाट मोकळी आहे ना, हे यंत्र लावून पाहिलं, मगच इस्त्रीला आयएसआयचा छाप मिळाला. तेव्हा मी फार ऐटीत होते हो.

या खोलीतले लोटूभाऊ पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. बायको जयश्रीताई घरबसल्या शेजाऱ्यांचे कपडे इस्त्री करून देणार होत्या. म्हणून उधन्याच्या दुकानात त्यांनी स्वस्तातला माल बाजूला सारला आणि छाप नीट बघूनच आम्हाला घेतलं. घरी येऊन प्लग लावायला गेले, तर बोर्डाला भोकं दोनच. मी आडवी आले.

"दोनच भोकं शेतस. हाई तिसरी काय कामनी?" असं म्हणून लोटूभाऊंनी करवतीच्या पात्यानं मला कापून काढलं. जयश्रीताईंनी उचलून बटणांत टाकलं.

आता तुम्ही म्हणाल, त्या भिंतीत जमिनीकडे जाणारी तारच नव्हती, मग तू असून काय दिवे लावणार होतीस? खरं आहे. पण मी असते तर प्लग त्या बोर्डात गेलाच नसता. कुणाला तरी बोर्ड बदलावाच लागला असता.

माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. इस्त्री चालली, ताईंच्या हाताची आख्खी गल्ली तारीफ करू लागली. मग कधीतरी इस्त्रीच्या आत वायर घासली आणि पत्रा झिणझिण्या देऊ लागला.

"माय, करंट लागस," लेक धनश्री म्हणाली.

"चप्पल घाल ना मंग."

झालं! त्या दिवसापासून रबरी चपलांचा एक जोड इस्त्रीपाशीच राहू लागला. इस्त्रीची चप्पल म्हणून ती घालून कुणी बाहेर जायचं नाही. शेजारणींनाही युक्ती पटली. लोटूभाऊंनी घरमालकाला एकदा बोर्डाचं विचारलं, तर तो म्हणाला, आख्खी चाळ अशीच चालते. मी डब्यात नुसती चरफडत होते.

त्या सकाळी ताई गणवेशाला इस्त्री करत होत्या. शेजारच्या मोरीत नळाला पाणी आलं आणि हंडा भरून वाहू लागला. एका हातात इस्त्री तशीच धरून ताईंनी दुसरा हात लांब केला आणि लोखंडी नळ धरला. पत्र्यात उतरलेली वीज त्यांच्या छातीतून नळात गेली. त्या परत उठल्या नाहीत. मित्रांनो, दोन्ही चपला पायातच होत्या. मी पाहिलं आहे.

लोकांनी मात्र ठरवून टाकलं की चप्पल निसटली असणार.

लोटूभाऊंनी रडत रडत ती इस्त्री भंगारात दिली. परवा नवी आणली, छाप दहा वेळा निरखून. बोर्ड तोच. करवतीचं पातं निघालं, आणि एक नवी लख्ख पिन माझ्याशेजारी येऊन पडली. आपल्याला कामाला कधी बोलावतील, असं ती विचारते. मी काय सांगू तिला?

मित्रांनो, पिन कापू नका, बोर्ड बदला. जमिनीची तार आधी ओढून घ्या. तुम्ही ऐकाल अशी मला फारशी आशा नाही, तरी सांगते.

खाली धनश्री गणवेशाला इस्त्री करते आहे.

"चप्पल घाली का?" लोटूभाऊ दारातून विचारतात.

"हा, घाली."

आईची चप्पल तिच्या पायाला मोठी होते. नवी इस्त्री अजून चांगली आहे, झिणझिण्या येत नाहीत. मोरीतला हंडा भरत आला आहे, आणि धनश्री इस्त्री खाली न ठेवता नळाकडे बघते आहे.