माझ्या पोटातल्या कढया

मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलं असेल, पण चालताना क्वचितच. मी अमेरिकेत, मिनेसोटामधल्या ईडन प्रेरी गावातल्या एका स्वयंपाकघरातला जुना डिशवॉशर आहे. भांडी धुण्यासाठी माझा जन्म झाला आणि आयुष्यातली उमेदीची वर्षं मी भांडी वाळवण्यात घालवली. हसू आलं ना? येऊ दे. मला मात्र तेव्हा हसू येत नव्हतं.

माझं मराठी ऐकून दचकू नका. जन्म ओहायोतल्या कारखान्यातला. पण तोंड बंद ठेवून वर्षानुवर्षं दुसऱ्यांचं ऐकत बसावं लागलं, की कोणतीही भाषा येते. खोटं वाटत असेल तर घरातल्या सुनांना विचारा.

कारखान्यात माझ्या पोटात दोन जाळ्या बसवल्या, पाणी उडवणारे दोन फिरते हात बसवले आणि दाराला मऊ रबर लावलं. तिथून मी या घरात आलो. तेव्हा इथे एक अमेरिकन आजी-आजोबा राहायचे. जेवण झालं की आजोबा ताटल्या माझ्या स्वाधीन करायचे, बटण दाबायचे आणि माझ्या पाठीवर, म्हणजे ओट्यावर, एक थाप मारायचे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला तर मी लागोपाठ चालायचो. त्या घरात मला मान होता. पुढे त्यांना थंडी सोसवेना, तेव्हा घर विकून ते दक्षिणेला निघून गेले आणि गिरीश आणि ऋता इथे राहायला आले.

गिरीश सांगलीचा, इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला. ऋता अकोल्याची, तिकडच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. लग्न होऊन ती नुकतीच या देशात आली होती आणि तिला सगळ्याचंच नवल वाटायचं. माझ्याशेजारी उभी राहून ती आईला फोनवर एकेक गंमत सांगायची.

"अगं आई, इथे दिसेल तो माणूस 'हाउ आर यू' विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. मी सर्दीचं सांगायला लागले, तोवर बाई गाडीत बसून गेलीसुद्धा. बाहेर नाकातले केस कडक होतात एवढी थंडी, आणि शेजारचा माणूस हाफ पँट घालून कचऱ्याचा डबा ओढत नेतो. आणि फोडणी टाकली की छताला लावलेला धुराचा अलार्म बोंबलतो. म्हणून मी फोडणी देते आणि गिरीश खाली उभा राहून टॉवेल हलवतो. दोन माणसांशिवाय इथे वरण होत नाही."

मला ती फार आवडली होती. म्हटलं, ही हौशी आहे, आपले दिवस चांगले जाणार. पण कसचं काय. पहिल्याच आठवड्यात घात झाला.

घरी मित्रमंडळी जेवून गेली होती. दुसऱ्या दिवशी गिरीश ऑफिसला गेल्यावर ऋताने मला नीट भरलं. साबण कोणता घालायचा हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सिंकजवळ हिरव्या लिक्विडची बाटली होती, भांड्यांचाच साबण तो. तिने ते माझ्या खाचेत काठोकाठ ओतलं आणि बटण दाबलं. मित्रांनो, त्या साबणाचा धर्मच फेस करण्याचा आणि माझा धर्म पाणी घुसळण्याचा. थोड्या वेळाने माझ्या दाराच्या चारी बाजूंनी फेस बाहेर येऊ लागला. तो ओट्याखालून निघाला, फ्रिजपाशी गेला, तिथून दिवाणखान्याकडे वळला. ऋताने झाडू घेतला, मग सुपली घेतली, मग गुडघ्यावर बसून हातांनी फेस बादलीत भरला. त्या दुपारी ती घरात एकटी होती आणि फार घाबरली होती.

संध्याकाळी ती गिरीशला एवढंच म्हणाली, "तो डिशवॉशर बिघडलाय बहुतेक."

"राहू दे ना," गिरीश म्हणाला. "तसंही हाताने घासलेलीच भांडी स्वच्छ निघतात."

झालं. मला काही झालेलं नव्हतं, पण माझी बाजू मांडणार कोण? त्या एका वाक्यावर मला जन्मठेप झाली.

आधी माझ्या जाळ्यांवर हाताने घासलेली ताटं निथळायला येऊ लागली. पुढे मी कपाट झालो. लहान कढई, मोठी कढई, इडलीपात्र, कुकरची भांडी, दह्याचे रिकामे डबे. प्लास्टिकच्या पिशव्या धुवून माझ्या जाळ्यांच्या दातांवर उपड्या घालायच्या, म्हणजे पुन्हा वापरता येतात. माझ्या समोरच्या ओव्हनची गत वेगळी नव्हती. त्याच्या पोटात तवे आणि पोळपाट. मोठ्या कढईचा कान माझ्या फिरत्या हाताला टेकलेला असायचा, त्यामुळे मला जरासुद्धा हलता येत नसे. दार बंद, अंधार, आत जुन्या हिंगाचा वास. माझं रबर वाळून कडक होत गेलं. मला फार घुसमटायला व्हायचं. बाहेर नळाखाली भांड्यांचा आवाज यायचा आणि हे आपलं काम आहे, असं सारखं वाटायचं.

ते काम ऋता करत होती, आणि तिचीही गत माझ्यासारखीच होती. काम करण्याची परवानगी तिला कितीतरी दिवसांनी मिळाली. मग कळलं, की इथे फिजिओथेरपिस्ट व्हायचं तर लायसन्सची परीक्षा द्यावी लागते. पहिल्या खेपेला ती थोडक्यात नापास झाली. आता दुसऱ्यांदा बसणार होती. नळामागे पुस्तक टेकवून ती भांडी घासायची. पानांवर साबणाचे शिंतोडे उडायचे.

"या वेळी नाही जमलं तर मी नाद सोडते," एकदा ती गिरीशला म्हणाली. "हात विसरायला लागलेत रे. शिकलेलं सगळं गंजतंय." गंजणं काय असतं ते मला विचारा.

तिला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून गिरीशची आई, नीलाताई, ऐन हिवाळ्यात सांगलीहून आल्या. बाई बोलायला फटकळ आणि मनाने मोकळ्या. आल्या आल्या म्हणाल्या, "तू पुस्तक धर, भांडी माझ्याकडे." पण थोड्याच दिवसांत त्या टपाल आणायला म्हणून अंगणाच्या टोकाच्या पेटीपाशी गेल्या, बर्फाखालच्या गुळगुळीत थरावरून पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं. हात प्लास्टरमध्ये गेला. बाहेर पडायची सोय उरली नाही. मग त्या दिवसभर ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून राहू लागल्या. त्यांचे पाय जमिनीला टेकत नसत. त्या स्टुलावर, ऋता सिंकपाशी आणि मी कढयांखाली, असे आम्ही अडकलो होतो.

बातमी कळताच इथली मराठी मंडळी धावून आली. रोज कोणी ना कोणी डबा आणून द्यायचं. कोणी भरली वांगी, कोणी मसालेभात. मदत मोठी होती, पण तुम्हाला आपली रीत ठाऊक आहे. डबा रिकामा परत द्यायचा नाही. म्हणून ऋता आलेला डबा घासायची, त्यात घालायला शिरा नाहीतर चिवडा करायची, त्या शिऱ्याची कढई घासायची, तोवर दारात दुसरा डबा. जेवढी मदत वाढली तेवढी भांडी वाढली. परीक्षा तोंडावर आली होती आणि पुस्तक नळामागून हलतच नव्हतं.

एका रविवारी जगन्नाथ काका खिचडीचा डबा घेऊन आले. काका फार वर्षांपूर्वी या देशात आले होते आणि मोठे मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. ऋता त्यांच्यासाठी चहाचं भांडं काढायला गेली. तिने माझं दार उघडलं, तर मोठी कढई घरंगळत बाहेर आली आणि मागोमाग डब्यांची रांगच्या रांग फरशीवर.

नीलाताईंनी विचारलं, "ऋता, हे कपाट आहे का यंत्र?"

"यंत्र आहे, आई. बिघडलंय."

"कोण म्हणतं?"

डबे गोळा करता करता ऋताने त्या फेसाची सगळी हकीकत सांगितली. नीलाताई इतक्या हसल्या की दुखरा हात त्यांना दुसऱ्या हाताने धरावा लागला.

"म्हणजे ते बिघडलं नाही. तू भ्यालीस."

"पण गिरीशच म्हणाला, की हाताने घासलेली स्वच्छ निघतात."

"गिरीशने शेवटचं भांडं कधी घासलं होतं?"

"आई, मी इथेच बसलोय," गिरीश म्हणाला.

"बसूच नकोस. ऊठ आणि हे सगळं रिकामं कर."

काकांनी चहा बाजूला ठेवला. "मी बघतो, वहिनी. पण एक आधीच सांगून ठेवतो. जन्मभर मी मशीनं डिझाइन केली, पण आमच्या घरचा डिशवॉशर आजवर कधी चाललेला नाही. आमच्या हिच्या लोणच्याच्या बरण्या असतात त्यात."

गिरीशने एकेक कढई बाहेर काढली. किती दिवसांनी माझ्या पोटात उजेड आला. काकांनी बटण दाबलं. मी जीव एकवटला, पण नुसती घुं घुं झाली. पाणी ढकलणारं आतलं चाक जागचं हललं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्हटलं नव्हतं का," गिरीश म्हणाला. "गेलाय तो. सोडा आता, नंतर कधीतरी नवीन ऑर्डर करू."

ऋता सिंककडे वळली आणि तिने नळ सोडला. आयुष्यात मी कधी घाबरलो असेन तर त्या क्षणी. माझं काय व्हायचं ते होवो, पण ही पुन्हा नळापाशी उभी राहिली, की हिचा नाद सुटलाच.

"ऋता, नळ बंद कर," नीलाताई म्हणाल्या. "माझं प्लास्टर निघाल्यावर हे मनगट आखडलेलं असणार ना? तेव्हा काय करशील? मला नवीन हात ऑर्डर करशील?"

ऋताने वळून पाहिलं. "नाही. आधी गरम शेक द्यायचा. मग हळूहळू हलवायचं. थोडं पुढे, थोडं मागे."

"मग याला तेच कर."

ऋताने गरम पाण्याचं पातेलं आणलं आणि माझ्या तळाशी ओतलं. सगळ्यांना थांबायला लावलं. गिरीश घाई करू लागला, तर म्हणाली, "शेकाला वेळ द्यावा लागतो." मग वीज बंद करून काकांनी माझ्या तळाचं झाकण उघडलं आणि चाक कुठे आहे ते दाखवलं. ऋताने बाही वर केली, हात आत घातला आणि डोळे मिटले. थोडं पुढे. थोडं मागे. तिने जरासुद्धा जोर लावला नाही. मला दुखलं, तेव्हा ती थांबली. कुठे दुखतंय हे तिच्या बोटांना कळत होतं. ते हात काहीच विसरले नव्हते. कट्कन आवाज झाला आणि चाक सुटलं.

काकांनी सांगितलं, की माझ्यासाठी साबणाची वेगळी गोळी मिळते. गिरीश तसाच बर्फात गाडी काढून ती घेऊन आला. संध्याकाळी माझ्या पोटात लोकांचे डबे लागले, दार मिटलं आणि मी सुरू झालो. कोपऱ्यातून थोडं पाणी गळलं, तिथे जुना टॉवेल लावला. सगळे समोर खुर्च्या टाकून टीव्ही बघावा तसे मला बघत बसले. डबे वाफाळत बाहेर आले. नीलाताईंनी एक डबा हुंगून पाहिला आणि म्हणाल्या, "लसणाचा वास गेला बाई."

त्या दिवसापासून गिरीश मला भरायचा आणि ऋता पुस्तक घेऊन जमिनीवर, माझ्या दाराला पाठ टेकून बसायची. बाहेर सगळं गोठलेलं असायचं आणि मी चालताना उबदार व्हायचो. ती मोठ्याने स्नायूंची नावं म्हणायची. कधी नीलाताईंची बोटं हातात घेऊन कोणता सांधा कुठे वळतो ते त्यांना समजावून सांगायची. तिची पाठ माझ्या दाराला टेकलेली असायची, तेव्हा मला आपण कोणाच्या तरी उपयोगाचे आहोत असं वाटायचं. मी जमेल तेवढा कमी आवाज करायचो.

ऋताने परीक्षा दिली. निकाल फोनवर आला तेव्हा तिला तो उघडवेना. नीलाताईंचं प्लास्टर तोवर निघालं होतं, पण चष्मा सापडेना. शेवटी गिरीशने वाचला. "पास," तो म्हणाला. ऋता तिथेच, माझ्यापाशी, खाली बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. नीलाताईंनी नुकत्याच सुटलेल्या हाताने तिच्या केसांवरून हात फिरवला.

आता ती इथल्याच एका दवाखान्यात जाते. कामाच्या पहिल्या दिवशी, सकाळी, पायात बूट घालून ती माझ्यापाशी आली. नाश्त्याच्या बश्या लावल्या, गोळी ठेवली, दार मिटलं. इतकी वर्षं ते दार मिटण्याचा आवाज ऐकला की माझा जीव गुदमरायचा. त्या दिवशी तोच आवाज झाला आणि आम्ही दोघं कामाला लागलो.

मित्रांनो, मी काही फार शिकलेला नाही. एवढंच सांगतो. घरातली एखादी वस्तू बंद पडली म्हणून तिला कपाट करू नका, आणि माणसाला तर नकोच नको. आधी थोडी ऊब द्या, मग हळूहळू हलवून पाहा. आणि आमच्या घरी कधी आलात तर समोरच्या ओव्हनमधले तवे तेवढे बाहेर काढा. तो अजून वाट बघतोय.