डावीकडचे ठोकळे

माझं तोंड फाटकं आहे हे अख्ख्या गल्लीला माहीत. भाजीवाल्याला, रिक्षावाल्याला, वेळ पडली तर सासूलाही मी सोडत नाही. पण जे एकच बोलायला हवं होतं ते मी सव्वा महिना बोलले नाही. का, तर म्हणे नवऱ्याची लाज राखायला!

आमचे हे, संघपाल, एसटीत ड्रायव्हर. चाळीसगाव-धुळे, अकरा वर्षं, गाडीला एक ओरखडा नाही. नोव्हेंबरात मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि डावा हात-पाय एकदम लुळा पडला. पाय तीन महिन्यांत आला, पण हात हटून बसला. गल्लीच्या टोकाला दिपमाला मॅडम फिजिओथेरपी करतात, त्या म्हणाल्या, बोटांना बारीक काम द्या, डाळ निवडायला बसवा. स्टेअरिंग फिरवलेला माणूस डाळ निवडणार? दुसऱ्याच दिवशी परात भिंतीला जाऊन आदळली. मग मीही आदळले, तोंडानं.

तेवढ्यात आमची साक्षी दहा वर्षांची झाली आणि तिच्या मामानं, हितेंद्रनं, भलं मोठं खोकं पाठवलं. आत ठोकळे, हरभऱ्याएवढे, दोन हजारांच्या वर. नऊ चौकोनी प्लेटांवर ते दाबून बसवायचे आणि प्लेटा भिंतीवर जोडून लावल्या की सुपरहिरोचा चेहरा तयार. निळा मुखवटा, लाल कॉलर, मागं पिवळंधमक. प्रत्येक प्लेटीचा कागदी नकाशा, प्रत्येक रंगाला आकडा. ठोकळा टक् वाजला की बसला म्हणायचं.

"पप्पा, हा आपण करायचा," साक्षी म्हणाली. डाळीला नाही म्हणणारा माणूस लेकीला नाही म्हणेना. उजव्या हातानं उचलायचा, डाव्या अंगठ्यानं दाबायचा. पहिल्या दिवशी अर्धे ठोकळे पलंगाखाली. पण तिसऱ्या दिवशी डावा अंगठा दाबायला लागला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

पहिली प्लेट झाली म्हणून मला हाक मारली. बघते तर डावीकडची चार बोटं रुंदीची पट्टी कोरीच. मी तोंड उघडलं आणि मिटलं. वाटलं, हात भरून आला असेल, कबूल करायची लाज वाटतेय. पुरुषाची जात! दुपारी हे झोपले, साक्षी शाळेत, तेव्हा मी नकाशा बघून ती पट्टी भरून टाकली. संध्याकाळी त्यांनी प्लेट हातात घेतली, बाजूला ठेवली आणि पुढची मागितली. मी मनात म्हटलं, घ्या, आभार तरी मानायचे!

तेच पुढं चालू राहिलं. प्रत्येक प्लेट उजवीकडून भरत यायची, डावीकडं थांबायची, दुपारी मी पुरी करायची, साक्षीला वाटायचं पप्पांनीच केली. डाव्या गालाची दाढी अर्धी राहायची, त्यावर मी ओरडायची, "आरशाशी भांडण आहे का?" हे हसायचे. दाराच्या चौकटीला डावा खांदा घासायचा, तेव्हा म्हणायची, अंगात जोर नाही अजून. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं उत्तर तयार होतं.

इकडं धुळ्याच्या मेडिकलची तारीख आली, सोमवार. पास झाले तर परत गाडीवर. नाहीतर डेपोत चौकशीच्या खिडकीत. "मेलो तरी खिडकीत बसणार नाही," हे म्हणायचे. हात आता चांगला चालत होता, मुठीत जोर आला होता. शनिवारी नववी प्लेट झाली. साक्षीनं सगळा हिरो समोरच्या भिंतीवर चिकटवला, मोबाईलवर फोटो काढला. "हा डॉक्टरांना दाखवतो," हे म्हणाले. "दोन हजार ठोकळे, माझ्या हातानं. आता काय सांगतील?" सासूबाई, केसरबाई त्यांचं नाव, डोळे पुसत म्हणाल्या, "मना पोऱ्या बठ्ठा बरा शे." म्हणजे, पोरगा पुरता बरा झाला.

रविवारी दुपारी मी कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी केली आणि मिरचीचा ठेचा. डॉक्टरांनी तिखट-मीठ कमी सांगितलं होतं, म्हणून इतके दिवस पानात डावीकडं वाढलेली चटणी तशीच परत यायची. मला केवढं कौतुक, माणूस पथ्य पाळतोय. त्या दिवशी म्हटलं, खाऊ दे थोडा, उद्या मोठं काम आहे.

हे जेवता जेवता म्हणाले, "ठेचा केलास ना? घरभर वास सुटलाय. मला वाढलाच नाहीस."

"डोळे काय गहाण टाकलेत? ताटात आहे की!"

ह्यांनी ताटात पाहिलं. भाजी पाहिली, आमटीची वाटी पाहिली. "कुठं?" म्हणाले. चेष्टा नव्हती ती. माझ्या हाताला काय सुचलं कोण जाणे, मी ताट धरून अर्धं फिरवलं. डावीकडचा ठेचा उजवीकडं आला.

"हां, आता वाढलास," असं म्हणून हे खायला लागले.

चटणी, दाढी, चौकट, नऊ प्लेटांच्या नऊ कोऱ्या पट्ट्या. हात दमत नव्हता त्यांचा. डावीकडं काही आहे हेच त्यांना कळत नव्हतं, आणि मी मूर्ख बाई रोज दुपारी बसून त्यांचं ते न दिसणं बुजवत होते.

खोटं कशाला बोलू, गप्प बसायचं मनात आलं. डॉक्टर हात बघतील, पाय बघतील, फोटो बघून पाठ थोपटतील. सकाळी खाकी घालून हे निघतील, घर परत पहिल्यासारखं होईल. हे हात धुवायला मोरीत गेले तेवढ्या वेळात मी हा सगळा संसार मनात मांडून पाहिला. मग उठले आणि भिंतीवरच्या डाव्या तीन प्लेटा ओढून काढल्या. साक्षी किंचाळली, "मम्मी, काय करतेस!"

"तू गप्प. अहो, इकडं या. समोर उभे राहा. कसा झालाय हिरो?"

"झाला की फस्क्लास."

"पूर्ण आहे?"

"मग काय!"

"डोळे किती आहेत त्याला?"

"दोन. अजून किती पाहिजेत तुला?" हे हसले. पप्पा गंमत करताहेत असं वाटून साक्षीही हसली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं. भिंतीवरच्या त्या मुखवट्याला एकच डोळा होता.

मी त्यांचा उजवा हात धरला, ठोकळ्यांवर ठेवला आणि डावीकडं सरकवत नेला. ठोकळे संपले, हात भिंतीच्या रंगावर आला. तेव्हा कुठं त्यांनी मान वळवली, हाताच्या मागोमाग, हळूहळू. त्या उघड्या भिंतीवर त्यांनी तळहात फिरवून पाहिला.

"हे कोणी काढलं?"

"मी आत्ता काढलं. पण तुम्हाला ते गेलेलं कळलं नाही. प्रत्येक प्लेटीची डावी बाजू मी भरत होते, पहिल्या दिवसापासून. मला वाटलं तुमचा हात दमतो. चुकलं माझं, फार चुकलं."

सासूबाई उठल्या. "काय लावलं शे हे? बरा शे ना तो!"

"आई, बस खाली," हे म्हणाले. मला वाटलं आता परातीसारखं काहीतरी भिंतीवर जाईल. मला ते चाललं असतं. पण हे पलंगाच्या मधोमध जाऊन बसले आणि गुडघ्यावरच्या डाव्या हाताकडं मुद्दाम मान वळवून बघू लागले.

"उद्या त्यांनी हात बघून सही केली असती," ते म्हणाले. "मी गाडी काढली असती. नूतन, थांब्यावरची माणसं डाव्या हातालाच उभी असतात गं."

आणि मग हे रडले. आजारपणात एकदाही रडले नव्हते. साक्षी दारात उभी राहून बघत होती. मी जाऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसले. मग उठले, पलंगाला वळसा घातला आणि उजव्या बाजूला बसले.