मागे केलेला हात

ग्रुमझिनच्या जंगलात बीचच्या झाडांची पानं गळली की वाटेवरची मुळं दिसेनाशी होतात. म्हणून पुढच्या सायकलवाल्याने हात मागे करून मागच्याला मूळ दाखवायचं, ही आमच्याकडची रीत. एकोणीस वर्षं मी पुढे आणि माझा नवरा योआखिम मागे.

"ओरडू नकोस गं फ्राउके, पाखरं उडतात. नुसता हात दाखव," म्हणायचा. शेवटी शेवटी त्याला नीट दिसत नव्हतं, तरी सायकल सोडेना. हट्टी कुठला!

मार्चमध्ये तो गेला. काल मी पहिल्यांदाच एकटी निघाले. पानांनी झाकलेल्या वाटेने तळ्यापाशी पोचले, तर मागून एक अनोळखी बाई सायकलवर धापा टाकत आली.

"बरं झालं तुम्ही हात दाखवत होतात! नाहीतर दहादा आपटले असते मी."

हात आपोआप मागे जात होता, मला पत्ताच नव्हता.

"तुमच्यासाठी नव्हता तो हात," मी फटकन बोलले.

ती ओशाळली आणि पुढे निघाली. मीही मागोमाग निघाले. उतारावर मुळंच मुळं होती. ती हात मागे करून मला एकेक दाखवत होती. डोळे भरून आले होते, मला तेवढा हातच दिसत होता.