शाबासकी

देशातल्या राज्यांची नवी रचना झाली त्या साली निंबा बुऱ्हाणपूरच्या कापड गिरणीत काम मागायला गेला. कामगार भरती करणाऱ्या जॉबरनं त्याला मागापाशी उभं करून तुटलेला धागा सांधायला सांगितलं. निंबानं असा सांधला, की गाठ शोधून सापडेना. खूश होऊन जॉबरनं पाठ थोपटायला हात उचलला, तोच निंबा डोकं झाकून खाली बसला. लहानपणापासून बापाचा मार खाल्लेलं अंग ते, त्याला शाबासकी काय ठाऊक!

जॉबरचा चेहरा बदलला. “एवढी धास्ती पोलिसांच्या माराचीच असते. चोर दिसतोस. चल, निघ इथून!”

शनवारा मोहल्ल्यातल्या घरी येऊन निंबा बापाला म्हणाला, “काम नाही भेटलं.”

“कामचोर साला!” म्हणत बापानं हात उगारला.