साठ किलोंची मावशी

आमच्या वॉर्डात जो रुग्ण उठून उभा राहू शकत नाही, त्याचं वजन साठ किलो. पैलवान असो की काडी, साठ. वजनाचा रकाना रिकामा ठेवला की कॉम्प्युटर पुढे सरकत नाही आणि झोपलेल्या माणसाचं वजन करायला चार हात लागतात. एवढी उठाठेव कोण करणार? साठ टाकायचे आणि मोकळं व्हायचं.

याच आकड्यांवर आमच्या विभागप्रमुखांनी अँटिबायोटिकचा डोस ठरवणारा प्रोग्राम बांधला. त्यांना वॉर्डात सगळे आलेखसाहेब म्हणतात, कारण रुग्णापेक्षा ते त्याचा आलेख जास्त वेळ बघतात. 'पुस्तकी नाही, खऱ्या रुग्णांचे आकडे' हे त्यांचं पालुपद. त्या 'खऱ्या'ची मला किळस यायला लागली होती.

मी इथली फार्मासिस्ट. मावशीला तापात इथे आणलं तेव्हा मी बाहेरगावी होते. परतले तोवर प्रोग्रामनं ठरवलेलं अँटिबायोटिक सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. हे औषध वजनाच्या मानानं जास्त झालं की कान जातात आणि गेलेले कान परत येत नाहीत. मावशीचा तर रेडिओ म्हणजे जीव की प्राण. रेडिओशीच लग्न लागलंय तुझं, असं आई तिला चिडवायची.

सलाइनच्या बाटलीवरचा डोस वाचून माझं डोकंच फिरलं. कॉम्प्युटर उघडला. मावशी, साठ किलो. फुंकर मारली तर उडेल अशी बाई! झोपलेल्यांचं वजन करायचा काटा कोपऱ्यात होता, त्यावर हातमोज्यांचे खोके रचलेले. मी तिला सरळ कडेवर घेतलं आणि व्हरांड्यातल्या काट्यावर उभी राहिले. मग तिला खुर्चीत बसवून एकटी उभी राहिले. वजाबाकी अडतीस.

"पाडशील गं मला," ती म्हणाली. गरजेपेक्षा फार मोठ्यानं म्हणाली.

आलेखसाहेबांना मी सांगितलं की निम्मा वॉर्ड साठ किलोंचा आहे, तुमचा प्रोग्राम थापांवर शिकलाय. हजारो रुग्णांत अशा चुका आपोआप भरून निघतात, असं म्हणून ते हसले. वर ऐकवलं, "नातेवाईक आजारी पडला की माणसाची बुद्धी चालत नाही." ड्यूटीवरच्या डॉक्टरांकडून मी औषध थांबवून घेतलं. वरातीमागून घोडं.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. पडद्यावर आलेख, सगळे ठिपके शहाण्यासारखे रेषेला चिकटलेले. यात माझ्या मावशीचा ठिपका कुठला, मी विचारलं.

"ती केस अपवाद निघाली," साहेब म्हणाले. "चित्र बिघडत होतं, म्हणून वगळली."

बिस्किटं खाता खाता माना डोलल्या. एकालाही घास अडकला नाही. मी उठून आले.

वॉर्डात नवा रुग्ण आला होता, स्ट्रेचरवर, हाडांचा सापळा. सिस्टर कॉम्प्युटरवर वाकली होती. मी तिच्या हातातला माउस काढून घेतला आणि काट्यावरचे खोके खाली फेकले.

पलीकडे मावशी कानाशी रेडिओ धरून त्याला चापट्या मारत होती. सगळा वॉर्ड दणाणून टाकणारं गाणं लागलं होतं.

"याचे सेल गेलेत गं," ती ओरडून म्हणाली. "उद्या येताना नवे आण."

सेल मी सकाळीच बदलले होते.