हरल्या दिवसाचं जेवण

मी दमलेय, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं एकाच टीमच्या मागे राहिलं की माणूस दमतं, आणि ती टीम शेवटी जिंकायला लागली की आणखीच दमतं. कारण मग सगळं गाव उपटतं.

या जूनमध्ये आमची टोलेडोची टीम, ग्लेझर्स, फायनलला पोचली आणि जो तो बाटलीहिरवा शर्ट घालून फिरायला लागला. मी शाळेची बस चालवते. आमच्या मुख्याध्यापिका मिसेस हॅलोरन, ज्यांना गेल्या वर्षी बास्केटबॉलच्या टीममध्ये किती माणसं खेळतात हे माहीत नव्हतं, त्या सकाळी फाटकाशी दोन्ही हात वर करून उभ्या. "वांडा! आपण जिंकलो!"

आपण? कधीपासून गं बाई आपण? पण नोकरी आहे. मी म्हटलं, "हो ना," आणि बसचा दरवाजा लावला.

वाहत्या गंगेत हात धुणारी ही माणसं मला नवी नाहीत. ज्या वर्षी टीमने ब्याऐंशीपैकी फक्त अकरा मॅच जिंकल्या, त्या वर्षी वरच्या मजल्यावर अकराव्या रांगेत आम्ही सात जण बसायचो आणि आजूबाजूला कुत्रं फिरकत नव्हतं. खाली कोच शिव्या द्यायचा, त्या वर स्पष्ट ऐकू यायच्या. तेव्हापासून आमच्या रांगेचा एक नियम आहे. ज्याने एकदा तरी दुसऱ्या टीमचा शर्ट घातला, तो आमच्या रांगेत बसणार नाही. पाहुणा म्हणूनसुद्धा नाही.

नियम मीच केला. का केला, तेही सांगते. त्याच वर्षी माझा लिओन, वय चौदा, एका सकाळी जिना उतरून खाली आला तो डेट्रॉइटचा निळा शर्ट घालून. डेट्रॉइट! तासाभरावरचं गाव, आमचं जन्माचं वैर, आणि त्या वर्षी सगळीकडे जिंकत सुटलेलं. पुढच्या वर्षी पश्चिमेकडच्या कुठल्यातरी टीमचा पिवळा, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कुणाचा तरी लाल. जो जिंकेल तो याचा. माझ्या पोटचा पोर! माझ्या शेजारची दुसरी खुर्ची त्याचीच होती, तो नऊ वर्षांचा असताना नवरा सोडून गेला तेव्हापासून. बास्केटबॉलला नाही, मला कंटाळून गेला, असं नवऱ्याचं म्हणणं. त्या शर्टानंतर लिओनला मी एकदाही बरोबर नेलं नाही. दोन तिकिटं मात्र घेत राहिले. त्या खुर्चीवर आता पलीकडे बसणारा व्हर्जिल आपला कोट ठेवतो.

आता लिओन सत्तावीस वर्षांचा आहे. कोलंबसला असतो, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. ख्रिसमसला येतो, अर्धं ताट खातो, अंधार पडायच्या आत निघतो. फोनवर "बरी आहेस?" "बरी आहे," एवढंच.

सात मॅचची फायनल तीन-तीन अशी बरोबरीत आली, शेवटची मॅच रविवारी ठरली आणि गुरुवारी त्याचा फोन आला.

"आई, रविवारी तुझ्या शेजारची ती खुर्ची रिकामी आहे का?"

"का? टीम जिंकतेय म्हणून?"

तो म्हणाला, "तसं समज."

"हिरवा शर्ट तरी आहे का तुझ्याकडे? का डेट्रॉइटचाच घालून येतोस?"

"राहू दे मग," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. लाज वाटली मला. तेरा वर्षांत या पोराने माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि आता नाही म्हटलं तर पुन्हा मागणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या दोघांत जो काही धागा उरला होता तो तुटला असता. मला तो यायला हवा होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हवा होता.

पण रांगेला काय सांगू? व्हर्जिल रिटायर्ड पोस्टमन आहे, एकतीस वर्षं माझ्या पलीकडे बसतोय. मी त्याच्या घरी गेले.

तो हसला. "माझ्या जावयाला तू जिन्यात उभं केलं होतंस, वांडा. मॅचभर. त्याने एकदा, फक्त एकदा, बॉस्टनची टोपी घातली होती. तीही उन्हासाठी."

"माहितीये रे बाबा."

"माझी मुलगी अजून तुझं नाव काढत नाही."

"माहितीये म्हटलं ना! काय करू, पाया पडू?"

"नको, गुडघे दुखतील तुझे," व्हर्जिल म्हणाला. "आण पोराला. पण नियम तू मोडलास, हे सगळ्यांसमोर तू तुझ्या तोंडाने सांगायचंस."

लिओनला मी परत फोन केला. "ये," एवढंच म्हटलं. त्यानेही जास्त विचारलं नाही.

रविवारी दुपारी तो करड्या स्वेटरमध्ये आला. मी उभी राहून रांगेला सांगितलं, "हा माझा मुलगा. नियम मी केला होता, मीच मोडतेय. ज्याला बोलायचंय त्याने बोलून घ्यावं." व्हर्जिलने आपला कोट उचलून मांडीवर घेतला.

मागच्या रांगेत एक दातांचा डॉक्टर सहकुटुंब आला होता, शर्टाच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. भलत्या वेळी ओरडत होता. त्याने लिओनच्या खांद्यावर थाप मारली. "स्वेटर काय घातलास मित्रा? आपण अकरा मॅच जिंकायचो, ते दिवस आठव!"

"एकाहत्तर हरलो होतो," लिओन मागे न बघता म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. "तुला बरं आठवतं?"

"मोजल्या होत्या मी."

मला वाटलं, बघा, रक्त कुठे जातंय? आतून हा आपलाच आहे. एवढा आनंद मला तीन तासांत दुसऱ्या कशाने झाला नाही, कारण आम्ही हरलो. तीन मिनिटं राहिली असताना नऊ पॉइंटने मागे पडलो, तेव्हा दातांचा डॉक्टर बायकोमुलांसह उठला आणि त्याच्याबरोबर अर्धा मजला. आम्ही शेवटची शिट्टी होईपर्यंत बसलो.

हरल्यावर आम्ही बोलत नाही. आमच्या रांगेत तसंच आहे. मान हलवायची, जिना उतरायचा आणि आपापल्या घरी जायचं. घरीही पुढच्या मॅचपर्यंत मी कुणाशी धड बोलत नाही, कधीच बोलले नाही. हरल्यावर ज्याला जेवताना गप्पा सुचतात त्याचं टीमवर कसलं आलंय प्रेम, असं मी मानत आलेय.

बाहेर चांगलं ऊन होतं. समोरच्या हॉटेलात लिओनने दोघांसाठी सॉसेज आणि लोणच्याची काकडी मागवली. मी ताटाकडे बघत बसले.

"एकाहत्तर जेवणं, आई," तो म्हणाला.

मी वर बघितलं.

"त्या वर्षी. तू आणि मी, आणि टेबल. मी मीठ मागितलं तरी तू भांडं सरकवायचीस, बोलायची नाहीस. मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकलंय. म्हणून डेट्रॉइटचा शर्ट आणला. म्हटलं, घरात एक माणूस तरी जिंकलेलं असू दे. जिंकलेल्याशी तू बोलशील."

तो हे रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. त्या शर्टापायी मी तेरा वर्षं त्याला बेइमान म्हणत आले. नियम केला! दुसऱ्यांच्या जावयांना जिन्यात उभं केलं! आणि पोरगं माझ्याशी बोलायला कुणाकुणाचे शर्ट घालत होतं.

बोल बाई, आता तरी बोल, मी स्वतःला म्हणत होते. तोंडातून शब्द फुटेना. सवयच नव्हती. लिओनने थोडी वाट बघितली, नॅपकिनची घडी केली आणि खुर्ची मागे सारून उठला.

मी त्याच्या स्वेटरची बाही धरली.

"काय बोलायचं असतं तेच मला कळत नाहीये," मी म्हणाले. "तू चौदा वर्षांचा होतास तेव्हा तुला काय आवडायचं? मला माहीत नाही रे. बास्केटबॉल सोडून दुसरं काय, तेच सांग."

तो उभाच होता. मी बाही सोडली नव्हती.

"आई," तो म्हणाला, "मला बास्केटबॉल कधीच आवडला नाही." आणि परत खाली बसला.